गटप्रमुखपद घ्यावं का? सागरी रसायनशास्त्रातल्या एका वैज्ञानिकाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या रत्नागिरीकडच्या. सागरी रसायनशास्त्रात पीएचडी, सरकारी प्रयोगशाळेत दहाएक वर्षं काम, आणि आता वरिष्ठ म्हणतायत की एका गटाचं प्रमुखपद घ्या. ते घेतलं तर स्वतःचं संशोधन संपेल का आणि हाच रस्ता पुढे संचालकपदापर्यंत जातो का, हे तुम्ही विचारलंय. मी गोव्यात याच क्षेत्रात नोकरी केली, गट सांभाळला, विभाग सांभाळला, निवड समित्यांवर बसले, आता निवृत्त आहे. त्या आधारावर लिहिते.

पद घ्या. पण एखाद्या मोठ्या, अनेक विषयांच्या मोहिमेचं प्रमुखपद तुम्ही अजून केलं नसेल, तर ते आधी मागून घ्या. वरिष्ठांना स्पष्ट सांगा की पुढच्या वर्षी एक मोहीम माझ्या नावावर द्या, गटाचा कारभार त्याच्या जोडीने घेते. इमारतीत बसून गट चालवता येतो हे खरं, तसे कितीतरी गट चालतातही. पण समुद्रविज्ञानातलं नेतृत्व म्हणजे मुख्यतः दुसऱ्यांच्या मोजमापांची राखण करणं, आणि ते शिकायला जहाजाइतकी चांगली जागा नाही.

आपल्या शास्त्रात सगळ्यात महाग आणि कायम अपुरी पडणारी गोष्ट म्हणजे जहाजाचे दिवस. खोल समुद्रात जाणारी आपली संशोधन जहाजं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत: १९८३ची सागर कन्या, १९८४ची सागर संपदा, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची सागर निधी, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची २०१४मध्ये आलेली सिंधु साधना. गाळ काढणारा भूवैज्ञानिक, जाळं ओढणारा जीवशास्त्रज्ञ, तरंगती उपकरणं सोडणारा भौतिकवाला, सगळ्यांना त्याच जहाजावर, त्याच आठवड्यात जागा हवी असते. जहाज आणि माणसांची सुरक्षा कप्तानाकडे असते. त्याने डेक बंद केला की चर्चा संपली. बाकी सगळं मोहीमप्रमुखाच्या डोक्यावर. कुठलं स्टेशन, म्हणजे समुद्रातलं मोजमापाचं ठिकाण, घ्यायचं, कुठलं सोडायचं, आधी कुठलं उपकरण पाण्यात जायचं, विंच बिघडली तर त्या चार तासांत कोणाला काय काम द्यायचं.

रात्री तीनला सीटीडी, म्हणजे खोलीनुसार तापमान आणि क्षारता मोजणारं उपकरण, वर येतं तेव्हाचं दृश्य तुम्ही पाहिलेलंच आहे. पण आता ते प्रमुखाच्या जागेवरून पाहा. त्याच्याभोवतीचा चोवीस बाटल्यांचा साचा, म्हणजे रोझेट, डेकवर टेकतो, पाणी ठिबकत असतं, भोवती बूट आणि हेल्मेट घातलेली सात-आठ माणसं आपापल्या बाटल्या घेऊन उभी. पहिला मान ऑक्सिजन मोजायच्या पाण्याचा. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत, बुडबुडा एकही नको, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहून जाऊ द्यायचं, मग मँगनीजचं द्रावण, मग आयोडाइडचं, झाकण, आणि उलटसुलट हलवणं. त्यानंतर कार्बन आणि पीएच, मग नायट्रेट-फॉस्फेट-सिलिकेट, क्षारता सगळ्यात शेवटी. सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या मुलीला हवेत आठ लिटर, आणि रोझेटवरच्या निस्किन बाटलीत आहेत एकूण दहा. निघण्याआधी हे वाटप कागदावर झालेलं नसेल तर भांडण ठरलेलं, आणि ते पहाटे तीनला, थकलेल्या माणसांमध्ये होतं. चांगला मोहीमप्रमुख बंदर सोडण्यापूर्वी प्रत्येक खोलीवरच्या प्रत्येक बाटलीतल्या पाण्याचा हिशोब भिंतीवर लावतो. हा एक कागद नीट करणारी व्यक्ती पुढे गटाचं अंदाजपत्रकही नीट करते, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

मग हवामान बिघडतं. दोन-तीन दिवस हातचे जातात आणि स्टेशनं कापावी लागतात. माझी पद्धत अशी होती की पहिली कात्री स्वतःच्या गटावर चालवायची, आणि ज्या विद्यार्थ्याचं प्रबंधाचं शेवटचं वर्ष आहे त्याच्या स्टेशनाला हात लावायचा नाही. याला काही शास्त्रीय आधार नाही. पण त्या एका निर्णयावरून अख्खं जहाज तुमच्याबद्दल मत बनवतं, आणि परतल्यावर दहा वर्षं ते मत टिकतं. तुम्ही संचालक व्हाल न व्हाल. तुमच्या शब्दावर माणसं उपकरणं उधार देतील की नाही, ते तिथे ठरतं.

आता थोडा इतिहास, कारण आपल्याकडचे नेते कसे घडले ते पाहिलं की रस्ता दिसतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ला सुरू झाली. ती आकाशातून पडली नाही, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून निघाली. त्या मोहिमेत कित्येक देशांच्या जहाजांनी आपल्या समुद्रात काम केलं आणि भारतीय बाजू सांभाळली ती एन. केशव पणिक्कर यांनी. त्यांचं स्वतःचं संशोधन कोळंबीसारख्या प्राण्यांच्या अंगातल्या क्षार-पाण्याच्या समतोलावर होतं. तेच संस्थेचे पहिले संचालक झाले. नंतरचे संचालक सय्यद झहूर कासिम कोचीच्या खाडीतल्या वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या, उत्पादकतेवर काम केलेले जीवशास्त्रज्ञ. त्यांच्या काळात, २६ जानेवारी १९८१ला, गवेषणी जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातू गोळे, म्हणजे मँगनीज, निकेल, तांबं असे धातू असलेले गोळे, वर आणले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कासिम पहिली अंटार्क्टिक मोहीम घेऊन गोव्याहून निघाले. ९ जानेवारी १९८२ला ते तिथे उतरले. पुढे ते महासागर विकास विभागाचे सचिव झाले.

कोळंबीवाला माणूस एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या भारतीय बाजूच्या प्रमुखपदी आणि प्लवकवाला माणूस खनिजशोधाच्या आणि ध्रुवीय मोहिमेच्या प्रमुखपदी कसा, असं कोणी विचारेल. मला यात विसंगती दिसत नाही. दोघांनाही अनेक विषयांची माणसं एका जहाजावर आणून त्यांच्याकडून देशाला हवी असलेली गोष्ट करून घेता येत होती. त्या गोळ्यांच्या बळावर १९८७मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात खनिजशोधासाठी दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र मिळालं. आज पाऊण लाख चौरस किलोमीटर आपल्याकडे राखलेलं आहे. २०२१मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या डीप ओशन मिशनचं एक मूळ तिथे आहे. तळावरून चार गोळे वर आले म्हणजे क्षेत्र मिळालं असं होत नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं जाळीच्या चौकटी आखून नमुने घेणं, नकाशे करणं, विश्लेषण करणं हे काम शेकडो लोकांनी केलं, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं कुणाला माहीत नाहीत. तुम्हाला ज्या गटाचं प्रमुखपद मिळणार आहे त्यातही अशी माणसं आहेत. त्यांची नावं अहवालात पडतील याची काळजी घेणं हे आता तुमचं काम.

बाहेरून आलेलं नेतृत्वही आपण पाहिलंय. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, १९९९मध्ये उभं राहिलं. सुरुवातीची घडी बसवली ती इस्रोमधून आलेल्या के. राधाकृष्णन यांनी, जे पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले. तिथे शोधनिबंधांपेक्षा रोज ठरलेल्या वेळी मच्छीमाराच्या हातात पडणारी माहिती हवी होती, आणि सेवा कशी चालवायची हे अवकाश विभागातल्या माणसांना ठाऊक होतं. २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी झाली तेव्हा महासागर विकास विभागाचे सचिव होते हर्ष गुप्ता, भूकंपशास्त्रज्ञ आणि १९८३-८४च्या तिसऱ्या अंटार्क्टिक मोहिमेचे नेते. ऑक्टोबर २००७मध्ये इन्कॉइसमध्ये त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. तीन वर्षांच्या आत. सरकारी खरेदीची गती ज्यांनी अनुभवलीय त्यांना या तीन वर्षांचं मोल कळेल.

आता तुमच्या विषयाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त आस्था याच गोष्टीची आहे.

गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर, सुमारे दहा किलोमीटर आत, पंचवीस-सव्वीस मीटर खोलीवर एक ठिकाण आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं १९९७पासून तिथे जाऊन तीच मोजमापं घेत आलीयत: तापमान, क्षारता, ऑक्सिजन, पोषकद्रव्यं, वायू. मान्सूनमध्ये किनाऱ्याकडे वर चढणारं थंड, खारट पाणी मुळातच ऑक्सिजन कमी असलेलं असतं. वरून पाऊस आणि नद्यांचं हलकं, गोडसर पाणी पसरतं आणि झाकण घातल्यासारखं होतं. खालच्या पाण्यात कुजणारा माल पडत राहतो, ऑक्सिजन संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळची बाटली उघडली की सडक्या अंड्याचा वास येतो. मघाशी सांगितलेली मँगनीजची आणि आयोडाइडची ती दोन द्रावणं घातली की एरवी तपकिरी साका खाली बसतो. ऑक्सिजन अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. पहिल्यांदा तो पांढरा साका पाहिलेले विद्यार्थी हाताकडे बघत राहतात, आपलं काही चुकलं का म्हणून. काही चुकलेलं नसतं. खाली श्वास घ्यायला खरोखर काही उरलेलं नसतं.

सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी या किनारपट्टीवरची ही स्थिती आणि तिथून निघणारा नायट्रस ऑक्साइड २००० साली नेचर या विज्ञान नियतकालिकात जगापुढे मांडला. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरतो. नक्वी पुढे संस्थेचे संचालक झाले. तो निबंध सगळ्यांनी वाचला. पण नंतरच्या वर्षांत, जेव्हा नवं असं काही निघत नव्हतं, तेव्हाही ठरलेल्या दिवशी होडी काढणारी माणसं होती म्हणून आज त्या मालिकेला किंमत आहे. किनाऱ्यावरचा ऑक्सिजन खरंच घटत चाललाय की एखादं वर्ष वाईट जातंय, हे सांगायला दशकं लागतात. एका प्रकल्पाचा काळ असतो तीन किंवा पाच वर्षं.

ही तीन आणि तीस वर्षांमधली दरी भरणं हे गटप्रमुखाचं खरं काम. प्रत्येक समीक्षेत कोणीतरी विचारतं, "यात नवीन काय?" तुम्हाला उत्तर द्यावं लागतं आणि होडीचे पैसे काढावे लागतात. कधी दुसऱ्या प्रकल्पात ते स्टेशन घालून घ्यायचं, कधी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या सहलीला जोडून मोजमाप करायचं, कधी भांडायचं. भांडणाची तयारी आधीपासून ठेवा. जुन्या मालिकेचा एकच आलेख, मोठ्या कागदावर, खाडा पडलेले महिने रिकामे ठेवून. समितीपुढे ते रिकामे महिने जितकं बोलतात तितकं तुम्ही बोलू शकणार नाही. आणि उपकरणं दरवर्षी प्रमाणित करून घेण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. तो शेवटच्या ओळीत असला की कात्री तिथेच लागते, आणि मग दोन वर्षांनी तुमच्याकडे आकडे असतात पण त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

आता दुसरी बाजू. नेतृत्वात एक वेळ अशी येते की विज्ञान बरोबर असूनही तुम्हाला थांबावं लागतं. २००९चा लोहाफेक्स प्रयोग आठवा. गोव्याची संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून दक्षिण महासागरात पोलारस्टर्न जहाजावरून समुद्रात लोह विरघळवून प्लवकांची वाढ आणि कार्बनचं शोषण तपासायचं ठरवलं होतं. नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक हे सहप्रमुख, आणि जहाजावरच्या वैज्ञानिकांत अर्ध्याहून जास्त भारतीय. जानेवारीत जहाज केपटाऊनहून निघालं आणि पर्यावरण संघटनांनी आवाज उठवला, की जैवविविधता कराराने अशा प्रयोगांवर मर्यादा घातलीय. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने आक्षेप घेतला, प्रयोग थांबवला गेला, नव्याने तज्ज्ञांची मतं मागवली गेली, आणि महिनाअखेरीस परवानगी मिळाली. कल्पना करा, भर दक्षिण महासागरात जहाज उभं आहे, लोहाचं सल्फेट भरलेलं आहे, कित्येक महिन्यांची तयारी केलेली तरुण मुलं-मुली विचारतायत की आता काय, आणि निर्णय हजारो किलोमीटरवर बर्लिनमध्ये व्हायचाय.

मग सुमारे तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात प्रयोग झाला. निकाल अपेक्षेला धरून नव्हता. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिकेट कमी असल्याने जड कवचाचे डायटम, म्हणजे सिलिकेटचं कवच असलेले प्लवक, वाढलेच नाहीत. जे वाढले ते छोटे प्लवक कोपेपॉडांनी, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक प्राण्यांनी, खाऊन टाकले. खोल समुद्रात जाणारा कार्बन फारच थोडा निघाला. समुद्रात लोह टाकून हवामानबदल आवरता येईल असं मानणाऱ्यांना या निकालाने मोठा धक्का दिला. आणि तो निकाल जसाच्या तसा जाहीर झाला, ही गोष्ट मला प्रयोगाइतकीच मोठी वाटते. यातून घेण्यासारखं व्यवहारात काय, तर परवानग्या. आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या आपल्या समुद्रात, परदेशी सहकारी आणायचा असेल तर परराष्ट्र, गृह, संरक्षण अशा सगळ्या दारांतून कागद फिरतो. तो कागद मोहिमेच्या आराखड्याबरोबरच निघायला हवा. आणि किनाऱ्यावरच्या लोकांशी, पत्रकारांशी, संघटनांशी बोलणं जहाज सुटण्याआधी व्हायला हवं. नंतर केलेला खुलासा कोणी ऐकत नाही.

बाहेरच्या कामांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गटप्रमुख झालात की पहिल्या वर्षातच ते समोर येईल. बंदरं, जलवाहिन्या, कारखान्यांची सांडपाण्याची तोंडं यांच्या पर्यावरणीय अभ्यासाचं काम सागरी प्रयोगशाळांकडे येतं आणि त्यातून संस्थेला पैसा मिळतो. तो पैसा वाईट नाही; त्यातून कितीतरी उपकरणं आली आणि किनाऱ्याचे आकडे जमले. पण एकदा एका खाडीच्या कामात असं झालं. माझ्या तरुण सहकाऱ्याने पूर्ण भरती-ओहोटीचं चक्र धरून, दर तासाला पाणी घेतलं होतं. भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं, ऑक्सिजन बरा दिसतो. ओहोटीला शहराचं सांडपाणी खाली उतरतं आणि आकडे कोसळतात. काम देणाऱ्यांचं म्हणणं होतं की अहवालात भरतीचे आकडे आणि सरासरी तेवढी द्या, ओहोटीचा तक्ता जोडपत्रातही नको. त्यांनी ते सौम्यपणे सांगितलं, मग वरून फोन आला. मी तक्ता मुख्य अहवालात, पहिल्या आलेखात ठेवला आणि सही माझी केली, सहकाऱ्याची नाही. पुढचं काम आमच्याकडे आलं नाही. विभागात काहींना ते आवडलं नाही, त्यांची अडचणही खोटी नव्हती. कंत्राटी मुलांचे पगार त्याच पैशातून जायचे. तेव्हा आधीपासून ठरवून ठेवा की असा अहवाल निघताना सही कोणाची. ज्याने पाणी गोळा केलं त्याच्यावर फोन घेण्याची पाळी येऊ नये.

संशोधन संपेल का, हा तुमचा मूळ प्रश्न. कमी होईल, नक्की होईल. पहिली दोन-तीन वर्षं तुमचा वेळ इंडेंट म्हणजे खरेदीची मागणीपत्रं, टेंडर, ऑडिटच्या हरकती, वार्षिक देखभाल करार आणि दोन सहकाऱ्यांमधला अबोला मोडणं यांत जाईल. सगळं पूर्वीसारखंच चालू ठेवू असा हट्ट धरणारे लोक शेवटी विद्यार्थ्यांच्या कामावर आपलं नाव घालून समाधान मानतात, आणि ते सगळ्यांना दिसतं. त्यापेक्षा एकच प्रश्न निवडा जो हळू चालला तरी चालेल आणि ज्यात तुमचा हात लागतो. तुम्ही रसायनशास्त्राच्या, तर एका ठिकाणची नायट्रोजन किंवा कार्बनची मालिका स्वतःकडे ठेवा. आठवड्यातला एक दिवस प्रयोगशाळेत. त्या दिवशी बैठक ठेवायची नाही हे कार्यालयाला सवयीने कळतं. गोव्याचे सतीश शेट्ये पश्चिम किनाऱ्याच्या प्रवाहांवरच्या कामासाठी ओळखले जातात. मान्सूनमध्ये दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहणारा तो प्रवाह आता विद्यार्थी पाठ्यपुस्तकात असल्यासारखा गृहीत धरतात. ते संस्थेचे संचालक झाले, मग गोवा विद्यापीठाचे कुलगुरू. एका किनाऱ्याला, एका प्रश्नाला वर्षानुवर्षं धरून राहिलं की प्रशासनात गेल्यावरही विषय हातातून सुटत नाही.

डेटा वाटायला शिका. अर्गो या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची जवळपास चार हजार तरंगती उपकरणं आज जगभर दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जाऊन वर येतात आणि त्यांची मोजमापं लगेच सगळ्यांना खुली होतात. भारतात ते काम इन्कॉइस पाहतं. त्या जगात आपल्या कपाटात आकडे कुलूपबंद ठेवणारा गट एकटा पडतो. विद्यार्थ्याला प्रबंधापुरता अवधी द्या, मग खुले करा. आणि डेटा गोळा करणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव लेखकांत घाला, आभारात नको.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य लिहिलंय, की घरात लहान मूल आहे, महिनाभराच्या मोहिमा कशा जमतील. पुणे विद्यापीठात शिकलेल्या आदिती पंत १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. तिथे पोचलेल्या या पहिल्या भारतीय स्त्री-वैज्ञानिक. पंत आमच्याच क्षेत्रातल्या, गोव्याच्या संस्थेतल्या. त्यांच्यानंतर "बाईला जहाजावर कसं पाठवायचं" हे उघड बोलणं बंद झालं, पण आडून ते बराच काळ चालू राहिलं: केबिनची सोय नाही, रात्रीच्या वॉचला, म्हणजे पाळीला, नको, तू आपली प्रयोगशाळेत बस. प्रमुखपदी तुम्ही आलात की ही यादी तुमच्या हातात येते. केबिनचं वाटप, वॉचचं वाटप तुम्ही करता. स्वतःच्या घराबद्दल म्हणाल तर, मूल लहान असताना किनाऱ्यावरच्या छोट्या होडीच्या मोहिमा घ्या, संध्याकाळी परत येता येतं. मोठी मोहीम दोन-तीन वर्षांतून एक पुरते. सासर-माहेरच्या माणसांना आधी सांगून ठेवा, तारखा बदलतात हेही सांगून ठेवा. आणि नवऱ्याला मदतनीस समजू नका, त्या महिन्यात घर त्याचं.

संचालकपदाबद्दल थोडक्यातच, कारण आत्ताच त्याचा विचार करून काही साधत नाही. सीएसआयआरमध्ये, म्हणजे गोव्याची संस्था जिच्याखाली येते त्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत, वैज्ञानिक, वरिष्ठ, प्रमुख अशा श्रेणी मूल्यांकनाने चढत जातात. संचालकाची जागा त्या जिन्याच्या टोकाला नसते. तिची जाहिरात निघते, शोध समिती बसते, बाहेरचे लोकही येतात, आणि मुदत सहा वर्षं किंवा निवृत्तीचं वय, जे आधी येईल ते. मी ज्या समित्यांवर बसले तिथे निबंधांची संख्या सगळ्यांचीच पुरेशी असायची. मग प्रश्न यायचे ते वेगळेच: तुम्ही उभं केलेलं काय आहे जे तुमच्याशिवायही चालतंय? तुमच्या हाताखालचे लोक आता कुठे आहेत? एखादं काम बंद करण्याचा निर्णय घेतलाय का, आणि कसा? पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संस्थांकडेही नजर ठेवा. वास्कोची ध्रुवीय संस्था, कोचीचं सागरी सजीव संसाधन केंद्र, चेन्नईची तंत्रज्ञान संस्था. दोन-तीन वर्षं अशा दुसऱ्या संस्थेच्या एखाद्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं समन्वयन केलंत तर तुमच्या संस्थेच्या सवयी म्हणजेच जगाचे नियम नव्हेत, हे कळतं.

पदाला हो म्हणण्याआधी आठवड्याभरात काही गोष्टी विचारून घ्या, लेखी उत्तर मिळालं तर उत्तम. उपकरणं प्रमाणित करण्याचा खर्च कोणत्या शीर्षातून येतो आणि त्यावर सही कोणाची. गटाच्या नावावर वर्षाला जहाजाचे किती दिवस आहेत आणि ते दुसऱ्या गटाशी अदलाबदल करता येतात का. कंत्राटी मुलांचे करार कधी संपतात. चालू असलेली सगळ्यात जुनी मालिका कुठली, तिच्या नोंदवह्या कुठे आहेत, आणि त्या स्कॅन झाल्यायत का. आणि ऑक्सिजनचं टायट्रेशन करणारा तुमचा जुना तंत्रज्ञ कधी निवृत्त होतोय ते पाहा. त्याच्या जागेची मागणी याच महिन्यात लिहून द्या. मंजुरीला वेळ लागतो, आणि नव्या माणसाने त्याच्या हाताखाली निदान एक पूर्ण हंगाम, मान्सूनच्या आधीपासून हिवाळ्यापर्यंत, काढायला हवा.